घरच्या ओट्यावर रसायनशास्त्र: सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

रसायनशास्त्र शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आवर्तसारणी पाठ करायला बसतात आणि पंधरा दिवसांत पुस्तक मिटून ठेवतात. सुरुवात तिथून करू नका. दोन प्रश्नांपासून करा: कशाचं काय झालं? आणि किती झालं? पहिला प्रश्न माणूस हजारो वर्षं विचारत आला आहे. दुधाचं दही झालं, लोखंड गंजलं, चुनखडी भाजून चुना झाला, हे सगळं तो पाहत होता. दुसरा प्रश्न नेटाने विचारला गेला अठराव्या शतकात. फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए प्रत्येक गोष्ट आधी आणि नंतर तोलू लागला, आणि अभिक्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही हे त्याने १७८९ साली पुस्तकात मांडलं. जे कमी झाल्यासारखं दिसतं ते कुठेतरी गेलेलं असतं, बहुधा वायू होऊन.

म्हणून इथे पहिल्या दिवसापासून तोलायचं, मोजायचं आणि लिहायचं आहे. लागणारं साहित्य सोलापुरात कुठेही मिळतं: पानाच्या टपरीवरचा चुना, किराणा दुकानातला खाण्याचा सोडा, हळद, व्हिनेगर, आणि शहरातल्या प्रत्येकाची ज्याच्याशी गाठ पडते ते बोअरचं पाणी. सगळं मिळून चार-पाच रविवारांचं काम आहे. क्रम मात्र बदलू नका, कारण एका पायरीत तयार झालेला पदार्थ पुढच्या पायरीत लागतो.

साहित्य

सगळ्यात महत्त्वाचा काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा काटा इथे उपयोगाचा नाही. ५०० ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. मेडिकलमधून १० मिलीच्या तीन-चार सिरिंज आणा, सुया नकोत. काचेचे पारदर्शक ग्लास, २०० मिलीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक बाटल्या, स्टीलची एक छोटी ताटली आणि एक चमचा एवढं बाजूला काढा. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाहीत.

पाणी दोन प्रकारचं लागेल. तपासायला बोअरचं आणि नळाचं. आणि तुलनेसाठी डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात आणि बॅटरीच्या दुकानात मिळतं. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं. लेबल वाचूनच घ्या, आणि सुटं, बिनलेबलचं घेऊच नका. घरच्या आरओचं पाणी डिस्टिल्डच्या जागी चालेलच असं नाही, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार राखलेले किंवा परत मिसळलेले असतात.

वहीत प्रत्येक प्रयोगासाठी चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, काय किती घेतलं, काय दिसलं, काय वाटतं. शेवटचे दोन वेगळे ठेवणं हाच या वहीचा जीव आहे. "पांढरं झालं" हे दिसलं. "चुना खाली बसला" हे वाटलं. नवशिक्याच्या वहीत हे दोन्ही एकाच ओळीत मिसळतात आणि मग चूक सापडत नाही.

हे आधी वाचा

चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. लहान मुलांच्या हातात चुन्याची पुडी किंवा ट्यूब फुटून असे अपघात खरोखर होतात. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. साधा चष्मा किंवा गॉगल लावूनच काम करा.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. कॉस्टिक सोडा या लेखात कुठेही लागत नाही, दुकानदाराने "सोडाच आहे" म्हणून दिला तरी घेऊ नका. वायू सुटणारी कुठलीही गोष्ट घट्ट झाकणाच्या बाटलीत करू नका. आणि इथलं काहीही चाखायचं नाही, साखर-मीठसुद्धा.

पहिली पायरी: काट्याची आणि हाताची परीक्षा

एक नाणं घ्या आणि दहा वेळा तोला. दर वेळी उचलून पुन्हा ठेवा. दहाही आकडे लिहा. ते सगळे सारखे येणार नाहीत, आणि त्यांच्यात जेवढा फरक आहे तेवढी तुमच्या मोजमापाची सीमा आहे. पुढे कधी ०.१ ग्रॅमचा फरक आला की तो खरा आहे की काट्याचा, हे याच पानावरून ठरवायचं.

वरचा पंखा बंद करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंख्याशिवाय बसवत नाही हे खरं, पण पंख्याच्या वाऱ्याने आकडा सतत हलतो. तोलण्यापुरता बंद ठेवा.

आता सिरिंज तपासा. काट्यावर रिकामा ग्लास ठेवून शून्य करा आणि सिरिंजने १० मिली डिस्टिल्ड पाणी सोडा. ३० अंशाला १० मिली पाणी ९.९६ ग्रॅम भरतं, म्हणजे काटा १०.० दाखवेल. पाच वेळा करून ९.७ किंवा १०.३ असे आकडे येत असतील तर सिरिंजमध्ये बुडबुडा राहतोय किंवा टोकाला थेंब लटकतोय.

थर्मामीटर असेल तर उकळत्या पाण्याचं तापमानही घेऊन ठेवा. ते १०० येणार नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकातला आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे हे विचारायची सवय इथून लावून घ्या.

दुसरी पायरी: हळदीचा कागद

एक चमचा हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. जवळपास गॅस, उदबत्ती, काहीही पेटतं नको. दहा मिनिटांनी वरचा पिवळा द्रव घेऊन त्यात वह्यांचा पांढरा, जाडसर कागद बुडवा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. पाण्यात कालवलेली हळद चालत नाही, कारण हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कागदावर नुसती पूड बसते.

हा तुमचा दर्शक. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळाच राहतो, आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, तांबडा-तपकिरी होतो. लिंबू, व्हिनेगर, साबणाचं पाणी, चुन्याचं पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी असं एकेक थेंब टाकून बघा. सोड्याने रंग जेमतेम बदलेल, चुन्याने गडद तांबडा होईल. हळदीचा रंग सामू (pH, आम्ल-आम्लारीपणाचं माप) ८ च्या आसपास पालटायला लागतो. सोड्याचं पाणी त्याच उंबरठ्यावर असतं, चुन्याचं पाणी १२ च्या पुढे. पंढरपूरच्या बाजारात डोंगर रचून ठेवलेलं कुंकू पारंपरिक पद्धतीने करतात ते याच अभिक्रियेने: हळद आणि चुना.

आम्लासाठी वेगळा दर्शक हवा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ते पाणी आम्लात गडद गुलाबी होतं, आम्लारीत हिरवं. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

इथे शब्दांचा एक घोळ सोडवून घ्या. पाठ्यपुस्तकात "क्षार" म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यातून झालेला पदार्थ, उदाहरणार्थ मीठ. घरात "पाण्याला क्षार आहे" म्हणतो तेव्हा आपल्या मनात बादलीवर बसणारा पांढरा थर असतो. आणि जुन्या बोलण्यात क्षार म्हणजे चक्क अल्कली. तिन्ही अर्थ चालू आहेत. वाचताना कुठला चाललाय ते पाहा. "केमिकल" शब्दाचंही तसंच. लोक तो वाईट या अर्थाने वापरतात, पण पाणी, मीठ आणि हळदीतला पिवळा रंग हीही रसायनंच आहेत. एखादं रसायन घातक आहे की नाही हे कुठलं आणि किती यावर ठरतं.

तिसरी पायरी: सोडा भाजणं, आणि मोल

या पायरीला एक पूर्ण रविवार द्या. नवशिक्या अडतो तो इथेच, आणि इथून पार झाला की पुढचं रसायनशास्त्र त्याच्या हातात येतं.

अणू मोजायचे कसे? दिसत तर नाहीत. सोलापुरात याचं उत्तर सुताच्या बाजारात आहे. सूत कोणी टेप लावून मोजत नाही, तोलतात आणि नंबरावरून लांबी ओळखतात. २० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी, म्हणजे १६,८०० यार्ड. १० नंबरचं असेल तर त्याच एका पौंडात ८,४०० यार्ड. नंबर माहीत असला की वजनावरून लांबी कळते. रसायनशास्त्रात नंबराची जागा रेणुवस्तुमान, म्हणजे रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, घेतं: ते माहीत असलं की वजनावरून कणांची संख्या कळते. कणांच्या एका ठरावीक ढिगाला मोल म्हणतात. रेणुवस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम तोलले की एक मोल भरतो. त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, आणि २०१९ पासून ही संख्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत कायमची ठरवून टाकली आहे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एका घटकात सोडियमचा १ अणू (२३), हायड्रोजनचा १ (१), कार्बनचा १ (१२), ऑक्सिजनचे ३ (४८). बेरीज ८४. तापवल्यावर असे दोन घटक मिळून, म्हणजे १६८ भाग, तीन गोष्टी होतात: सोडियम कार्बोनेट १०६ भाग, पाणी १८ भाग, कार्बन डायऑक्साइड ४४ भाग. बेरीज करून बघा, १६८ च आहे. पाणी आणि वायू उडून जातात. म्हणजे १६.८ ग्रॅम सोडा भाजला तर १०.६ ग्रॅम उरायला हवा. आता हे खरं आहे का ते काट्याला विचारा.

१. रिकामी स्टीलची ताटली तोलून वजन लिहा. तीत १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा घाला आणि पातळ पसरा.

२. लोखंडी तव्यावर ताटली ठेवा, मध्यम आच द्या. चमच्याने हळूहळू हलवत राहा. काही मिनिटांत पूड पाण्यासारखी वाहायला लागेल आणि तिच्यात बुडबुडे आल्यासारखे दिसतील. वायू पुडीतून वर येतोय म्हणून तसं दिसतं.

३. एक थंड, कोरडी स्टीलची थाळी क्षणभर वर धरा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमतील. कोरड्या पुडीतून पाणी आलं, हे वहीत लिहा.

४. वीस मिनिटांनी आच बंद करा. चमच्याला चिकटलेली पूड ताटलीत झटका. ताटली पूर्ण गार होऊ द्या, मग तोला.

५. पुन्हा दहा मिनिटं तापवा, गार करा, तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. याला स्थिर वजन म्हणतात आणि खऱ्या प्रयोगशाळेतही हेच करतात.

चुका ठरलेल्या असतात, आणि कोणती चूक झाली हे आकडाच सांगतो. ११.५ किंवा १२ आलं तर भाजणं अपुरं राहिलं, बहुधा थर जाड होता. १० च्या खाली गेलं तर पूड सांडली किंवा चमच्यावर राहिली. काट्यावरचा आकडा सारखा सरकत असेल तर ताटली अजून गरम आहे: तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि काट्याला चकवते, शिवाय काटाही खराब होतो. पूड तपकिरी होऊन जळका वास आला तर तुम्ही बेकिंग पावडर आणली आहे. तीत पिठूळ स्टार्च आणि आम्ल असतं, ती इथे चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत गार झालेली पूड उघडी ठेवली तर हवेतलं पाणी ओढून जड होते, म्हणून गार झाल्या झाल्या तोला.

१०.४ ते १०.८ मध्ये आलात तर तुमचा हात बसला. उरलेली पूड चिमूटभर पाण्यात घालून हळदीच्या कागदावर थेंब टाका. मघाशी जेमतेम बदलणारा कागद आता गडद तांबडा होईल. ही पूड सोडियम कार्बोनेट आहे, रंगाईच्या कारखान्यात पोत्यांनी येणारी सोडा ॲश. ती कोरड्या डबीत घट्ट बंद करून नाव आणि तारीख लिहा, शेवटच्या पायरीला लागेल. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक मिळतात तेही सोडियम कार्बोनेटच, पण त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी बांधलेलं असतं, म्हणून तेवढ्याच वजनात काम कमी होतं.

चौथी पायरी: ताणा संपला की विणकाम थांबतं

व्हिनेगरच्या लेबलवर आम्लाचं प्रमाण पाहा. बहुधा ४ टक्के असतं, म्हणजे १०० मिलीत ४ ग्रॅम ॲसिटिक आम्ल. त्याचं रेणुवस्तुमान ६०, म्हणून हे ०.०६७ मोल झाले. मोठ्या ग्लासात १०० मिली व्हिनेगर घ्या, कागदावर ४.२ ग्रॅम सोडा (०.०५ मोल) घ्या, ग्लास आणि सोड्याचा कागद दोन्ही एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहा. सोडा चिमटीचिमटीने टाका, एकदम टाकला तर फेस बाहेर येतो आणि प्रयोग तिथेच संपतो. फेस थांबला की ग्लास गोल फिरवून दहा मिनिटं ठेवा, मग ग्लास आणि रिकामा कागद पुन्हा तोला.

एक मोल सोडा एक मोल आम्लाशी मिळून एक मोल वायू देतो, म्हणून गणिताने ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २.२ ग्रॅम, कमी व्हायला हवेत. हातात १.९ ते २.१ येतील. उरलेला वायू पाण्यात विरघळून बसलेला असतो. २.२ पेक्षा जास्त घट आली तर थेंब उडाले आहेत.

आता नवं व्हिनेगर घेऊन ८.४ ग्रॅम सोड्याने तेच करा. दुप्पट सोडा, तर घटही दुप्पट, ४.४? नाही. ती २.९ च्या पुढे जाणार नाही आणि शेवटचा सोडा फेस न देता पाण्यात नुसता विरघळून राहील. मागावर ताणा (उभे धागे) संपला की कांडीत बाणा (आडवा धागा) कितीही उरला तरी चादर पुढे सरकत नाही. तसं इथे आम्ल संपलं. जो घटक आधी संपतो तो मर्यादा घालतो, आणि हिशेब नेहमी त्याच्यावरून मांडायचा.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून "वजन बदलत नाही" हे दाखवायचा प्रयोग शाळांमध्ये सुचवला जातो. त्यात एक खोट आहे. फुगा १.३ लिटरच्या आसपास फुगतो आणि तेवढी हवा बाजूला सारतो. ती हवा साधारण १.४ ग्रॅम भरते, आणि पाण्यात बादली हलकी लागते तसं काटा तेवढं कमी दाखवतो. मूल म्हणतं वजन कमी झालं, आणि ते बरोबर वाचत असतं.

पाचवी पायरी: चुन्याची निवळी

टपरीवरचा पानाचा चुना, साधा पांढरा, सुमारे एक चमचा घेऊन ५०० मिली डिस्टिल्ड पाण्यात घाला, झाकण लावून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, एका लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणून तळाला गाळ राहणारच. बाटली अर्धी रिकामी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि निवळी दुबळी होते.

१० मिली निवळी आणि ९० मिली डिस्टिल्ड पाणी ग्लासात घेऊन स्ट्रॉने हळूहळू फुंका. फुंकायचंच, ओढायचं नाही. एखाद्या मिनिटात पाणी दुधाळ होईल. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने विरघळलेल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट केलं, आणि ते पाण्यात विरघळत नाही.

आता त्यात थंडगार साधा सोडा, बाटलीतला फसफसणारा, अर्धा ग्लास ओता आणि ढवळा. दुधाळपणा निवळेल. जादा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम बायकार्बोनेट झालं, जे विरघळतं. हे नितळ पाणी भांड्यात घालून पाच-दहा मिनिटं उकळा. वायू निघून जाईल आणि पांढरं पुन्हा परत येईल.

बोअरच्या पाण्याची गोष्ट हीच आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली झिरपतं, वाटेत माती-खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं आणि वर येतं तेव्हा नितळ दिसतं. गिझरमध्ये तापलं की कॉइलवर पांढरा थर बसतो. तो थर व्हिनेगरने फसफसून निघतो, त्याचं कारण चौथ्या पायरीत आलंच आहे.

सहावी पायरी: पाण्याचा कडकपणा मोजणं

साबण कॅल्शियमशी आधी गाठ बांधतो आणि पांढरा साका होऊन बसतो. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं संपल्यावरच फेस टिकतो. म्हणून फेस टिकेपर्यंत किती साबण लागला यावरून त्यांचं प्रमाण, म्हणजे पाण्याचा कडकपणा, कळतो.

अंगाच्या साबणाचा कीस १ ग्रॅम घ्या. वेष्टनावर "ग्रेड १" आणि टीएफएम (साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण) ७६ टक्के किंवा जास्त असलेला निवडा. डिटर्जंट चालत नाही, तो कडक पाण्यातही फेस देतो. "बेदिंग बार" लिहिलेल्या काही वड्यांचंही तसंच होतं. १०० मिली गरम डिस्टिल्ड पाण्यात कीस विरघळवा, फेस न करता. डिसेंबरात द्रावण घट्ट होईल, तेव्हा बाटली कोमट पाण्यात बसवा.

आधी डिस्टिल्ड पाणी तपासा. २५ मिली बाटलीत घ्या, सिरिंजने साबण अर्धा-अर्धा मिली घाला, दर वेळी झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा, बाटली आडवी ठेवा. फेसाचा सलग थर एक मिनिट टिकला की थांबा. समजा ०.५ मिली लागला. हा नुसत्या फेसाचा खर्च, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा.

मग मापाचं पाणी. ताज्या निवळीचे १० मिली आणि ९० मिली डिस्टिल्ड, न फुंकता. याचा कडकपणा लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. त्याचे २५ मिली घेऊन तेच करा. ३ ते ५ मिली साबण लागेल. समजा ४.० लागला, तर खरा खर्च ३.५. नंतर बोअरचं पाणी. त्याला ११.० लागला तर खरा खर्च १०.५, म्हणजे तिप्पट, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कडकपणा २०० पर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा अंदाजाचा आहे, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल. पिण्याचा निर्णय त्यावर घेऊ नका, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी हवी.

नळाला उजनीचं पाणी येतं त्या दिवशी ताजं पाणी घेऊन तपासा, आणि बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, वरचं नितळ घेऊन पुन्हा तपासा. उकळून जेवढा आकडा उतरला तो बायकार्बोनेटचा तात्पुरता कडकपणा. उरलेला सल्फेट-क्लोराइडचा, तो उकळून जात नाही. उकळताना पाणी आटतं. आटलेलं तेवढं डिस्टिल्ड पाणी घालून माप पूर्ववत केलं नाही तर उरलेला आकडा फुगून येतो.

आरओवाल्यांचा टीडीएस मीटर कडकपणा मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मिठाचं पाणी टीडीएसमध्ये हजार दाखवेल आणि साबणाच्या परीक्षेत मऊ निघेल. करून बघा.

सातवी पायरी: सुतावर पक्का रंग

पहिला कृत्रिम रंग, मॉव्ह, विल्यम पर्किनने १८५६ साली केला. सुताशी थेट रासायनिक बंध बांधणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले ते बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली. रंगाच्या दुकानात "कोल्ड रिॲक्टिव्ह" म्हणून मागा. पूड श्वासात जाऊ देऊ नका, दमा आणि ॲलर्जी होऊ शकते. मास्क, हातमोजे, पंखा बंद.

पांढऱ्या सुती टॉवेलचे १०-१० ग्रॅमचे दोन तुकडे साबणाच्या पाण्यात अर्धा तास उकळून धुवा, म्हणजे खळ आणि मेण निघेल. ०.२ ग्रॅम रंग या काट्यावर नीट तोलता येत नाही. म्हणून २ ग्रॅम रंग २०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातले २० मिली घ्या. थोडं तोलायचं असेल तर जास्त विरघळवून भाग घ्यायचा, ही युक्ती आयुष्यभर लागते.

दोन बरण्यांत प्रत्येकी १८० मिली डिस्टिल्ड पाणी, २० मिली रंग, १० ग्रॅम मीठ आणि ओला तुकडा. वीस मिनिटं हलवत राहा. सूत आणि रंग दोघांवरही पाण्यात ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. मिठाने ते ढकलणं कमी होतं आणि रंग सुताजवळ येतो. मग फक्त पहिल्या बरणीत तिसऱ्या पायरीतली सोडा ॲश ४ ग्रॅम, दोन वेळा विभागून घाला. तासभर ठेवा, मधूनमधून हलवा. दोन्ही तुकडे गार पाण्याने धुवा आणि वेगवेगळ्या भांड्यांत साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. बिनसोड्याच्या तुकड्याचा बहुतेक रंग उतरेल, सोड्याच्या तुकड्याचा राहील. बंध जुळायला आम्लारी लागते. दुसरा तुकडा नसता तर हे कळलं नसतं.

सोडा आधी घातला तर रंग सुतात पसरायच्या आत चिकटतो आणि डाग पडतात. रंगाचं द्रावण सोड्यासह बरणीत तसंच ठेवलं तर रंग पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो, दुसऱ्या दिवशी चालत नाही. आणि हेच सगळं बोअरच्या पाण्यात करून बघा: सोडा पडताच पाणी गढूळ होईल, कारण कार्बोनेटने कॅल्शियम खाली आणलं. ते कण सुतावर बसतात आणि रंग खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा येतो. कडक पाणी रंगाईला का चालत नाही ते तुमच्या हातातल्या तुकड्यावर दिसेल.

सोड्याच्या तुकड्यालाही धुताना चौथ्या पाण्यात रंग येत असेल तर तो सुताला न जुळलेला रंग आहे. गार पाण्याने तो निघत नाही, पुन्हा साबण घालून उकळा. उरलेलं पाणी भरपूर पाणी ओतून मोरीत सोडा, झाडांना घालू नका, त्यात मीठ आहे.

यानंतर

आता आवर्तसारणी उघडा. पहिली वीस मूलद्रव्यं, त्यांच्या संज्ञा आणि संयुजा (एक अणू किती बंध जोडतो ती संख्या) एवढंच आधी. सोडियम, कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन तुमच्या हातून गेलेले आहेत, त्यामुळे संज्ञा पाठ करणं जड जाणार नाही. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठीत आहेत आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातली रासायनिक अभिक्रिया, आम्ल-आम्लारी आणि मोल ही प्रकरणं आधी घ्या, आणि प्रत्येक समीकरणापुढे पेन्सिलीने वस्तुमानं मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा.

सहावी पायरी मात्र सोडू नका. एकाच बोअरचं पाणी मे महिन्यात, सप्टेंबरच्या पावसानंतर आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास तपासा. दर वेळी निवळी ताजी करा, तिचं माप नव्याने घ्या, आणि तिन्ही आकडे वहीच्या एकाच पानावर लिहा.